होल्डमधला धोकादायक माल: नोटॉक कसा वाचायचा, आणि कॉकपिटमध्ये दुमत झालं तर काय करायचं

प्रवासी विमानाच्या पोटात फक्त बॅगा नसतात. सीटांखालच्या होल्डमधून रंगाचे डबे, परफ्युम, रुग्णालयांची किरणोत्सारी औषधं, लसी थंड ठेवणारा ड्राय आइस, उपकरणांमधल्या लिथियम बॅटऱ्या असा बराच माल रोज आणि पूर्ण कायदेशीरपणे जातो. हवाई वाहतुकीत याला डेंजरस गुड्स म्हणतात, बोलताना नुसतं ‘डीजी’. कोणता पदार्थ, किती, कशात बांधून आणि कोणत्या विमानातून न्यायचा याचे नियम शिकागो कराराच्या, म्हणजे हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १८ मध्ये आहेत. ते आयकाओ ही संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था काढते. बारीक तपशील ‘टेक्निकल इन्स्ट्रक्शन्स’मध्ये असतो, म्हणजे दस्तऐवज ९२८४ मध्ये. विमान कंपन्यांचे कर्मचारी हाताशी ठेवतात ते आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचं डीजीआर हे नियमांचं पुस्तक. ते दरवर्षी नव्याने निघतं.

या सगळ्यातून कॅप्टनच्या हातात शेवटी येतो तो नोटॉक. होल्डमध्ये काय आहे, किती आहे आणि नेमकं कुठे आहे, हे कॅप्टनला कळवणारं हे पत्रक बहुतेक वेळा एकाच पानाचं असतं. निघायच्या घाईत ते पुढे येतं, सही होते, काम चालू राहतं. बहुतेक दिवशी त्यात काहीच चुकीचं नसतं. पण एखाद्या दिवशी को-पायलट म्हणतो, ‘हा आकडा मला बरोबर वाटत नाही.’ कॅप्टन म्हणतो, ‘हे रोजच जातं.’ तिथून पुढची पाच मिनिटं कशी जातात, यावर खूप काही अवलंबून असतं.

आधी कागद कुठून येतो ते पाहू

माल पाठवणारा, म्हणजे शिपर, एक घोषणापत्र भरतो. दोन्ही कडांना लाल तिरप्या पट्ट्या असलेला हा फॉर्म लांबूनही ओळखू येतो. त्यात प्रत्येक मालाची माहिती ठरलेल्या क्रमाने लिहावी लागते: यूएन क्रमांक (पदार्थ ओळखण्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक), अधिकृत नाव, धोक्याचा वर्ग, पॅकिंग ग्रुप, किती पेट्या आणि प्रत्येकीत किती, आणि पॅकिंग इन्स्ट्रक्शनचा, म्हणजे माल कसा बांधायचा त्या नियमाचा, क्रमांक. वर दोन पर्याय छापलेले असतात: ‘प्रवासी आणि मालवाहू विमान’ आणि ‘फक्त मालवाहू विमान’. लागू नसलेला पर्याय खोडायचा असतो. माल बरोबर ओळखला, बरोबर बांधला, बरोबर लेबल लावलं, ही जबाबदारी शिपरची. खाली सही त्याची, आणि फॉर्मवर मागाहून काही बदललं तर त्या बदलाजवळही सही त्याचीच लागते.

पुढची चाळणी कार्गो स्वीकारण्याच्या खिडकीवर. तिथला प्रशिक्षित माणूस चेकलिस्ट घेऊन कागद आणि पेटी एकमेकांशी ताडून बघतो. पेटीवरचा यूएन क्रमांक कागदाशी जुळतो का, लेबलं योग्य आहेत का, पेटीवर मान्यताप्राप्त पॅकिंगची खूण आहे का, कुठे ओल किंवा चेपलेलं आहे का. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की माल परत. इथे ‘जवळजवळ बरोबर’ असं उत्तर नसतं, आणि ते योग्यच आहे. वर गेल्यावर केबिनमधला दाब सुमारे आठ हजार फूट उंचीइतका उतरतो, विमान हादरत राहतं, तापमान बदलतं. जमिनीवर नीट बसलेलं झाकण तिथे झिरपू शकतं.

त्यानंतर माल होल्डमध्ये चढतो. चढवणाऱ्याने पेट्या पुन्हा पाहायच्या असतात, आणि एकमेकांशी न पटणारे पदार्थ वेगळे ठेवायचे असतात. ज्वालाग्राही द्रव आणि ऑक्सिडायझर (आगीला प्राणवायू पुरवणारा पदार्थ) शेजारी नकोत. ड्राय आइसपासून जिवंत प्राणी दूर हवेत, कारण एक किलो ड्राय आइसमधून सुमारे ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो तळाशी साचतो. किरणोत्सारी मालाला ‘ट्रान्सपोर्ट इंडेक्स’, म्हणजे पेटीबाहेरच्या किरणोत्साराचं प्रमाण सांगणारा आकडा, असतो. प्रवासी विमानात सर्वसाधारणपणे एका पेटीचा इंडेक्स ३ च्या आणि सगळ्या पेट्यांची बेरीज ५० च्या आत लागते. माणसांपासूनचं अंतरही त्या आकड्यावरूनच ठरतं.

एवढं सगळं झाल्यावर नोटॉक छापला जातो. म्हणजे कॅप्टनकडे येणारी माहिती किमान तीन हातांतून गेलेली असते, आणि प्रत्येक हाती ती पुन्हा टाइप झालेली असू शकते. चुका बहुधा इथेच शिरतात: यूएन क्रमांक ३४८१ चं ३४८० होतं, पॅकिंग ग्रुप तीनचा दोन होतो, पुढच्या होल्डमधला माल कागदावर मागच्या होल्डमध्ये दिसतो.

नोटॉकची एक ओळ

समजा ओळ अशी आहे: यूएन १२६३, पेंट, वर्ग ३, पॅकिंग ग्रुप दोन, ४ पेट्या, प्रत्येकी ५ लिटर, होल्ड ४, ड्रिल कोड ३एल, आणि कुठल्या विमानतळावर उतरवायचं ते. एअर वेबिलचा, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीचा, क्रमांक सुरुवातीला असतो.

वर्ग ३ म्हणजे ज्वालाग्राही द्रव. पॅकिंग ग्रुप धोक्याची तीव्रता सांगतो: एक म्हणजे जास्त, दोन मध्यम, तीन कमी. पेट्यांची संख्या आणि प्रत्येकीतलं प्रमाण वेगवेगळं लिहिलेलं असतं, कारण नियमातली मर्यादा एका पेटीची असते, एकूण मालाची नव्हे. अनेक जण वीस लिटरची बेरीज करतात आणि तिथेच गोंधळतात.

ड्रिल कोड हा हवेत असताना कामी येणारा भाग. आकडा मुख्य धोका सांगतो आणि त्यामागचं अक्षर जादा धोका. ‘एल’ म्हणजे जादा धोका कमी किंवा नाही. पेट्रोलचा कोड ३एच, त्यातला ‘एच’ म्हणजे सहज पेट घेणारं. ‘डब्ल्यू’ म्हणजे ओलं झालं तर विषारी किंवा ज्वालाग्राही वायू सोडणारं, तिथे पाण्याला हात लावायचा नाही. लिथियम बॅटऱ्यांना १२एफझेड कोड आहे. त्यातला ‘झेड’ सांगतो की होल्डमधली आग विझवण्याची यंत्रणा ही आग विझवेल किंवा रोखून धरेल याची खात्री नाही, तेव्हा लगेच उतरण्याचा विचार करा. ही अक्षरं जमिनीवर असताना, डोकं शांत असतानाच वाचून ठेवावीत.

नोटॉकवर सगळंच येतं असं मात्र नाही. लहान लिथियम बॅटऱ्या उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत पॅक केलेल्या असतील आणि ठरलेल्या मर्यादेत असतील (सेल २० वॉट-तास, बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत), तर त्या पेट्यांवर बॅटरीची खूण असते पण नोटॉकवर नोंद लागत नाही. वॉक-अराउंडला, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासणीला, गेलेल्या को-पायलटला अशी पेटी चढताना दिसते, परत येऊन कागद बघतो तर नोंद नाही. त्याची शंका रास्त आहे, पण बऱ्याचदा उत्तर निर्दोष असतं. उलट, प्रवाशाच्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरची लिथियम बॅटरी हा ‘कार्गो’ नसूनही ती कुठे ठेवली आहे हे कॅप्टनला कळवावंच लागतं. ही नोंद राहून जाते, कारण ती कार्गोकडून नाही, प्रवासी काउंटरकडून यायची असते.

सहीचा अर्थ

कॅप्टनची सही म्हणजे ‘माहिती मिळाली’. पेटीचं पॅकिंग त्याने तपासलं असा तिचा अर्थ नाही, आणि तसा असूही शकत नाही. गळती किंवा नुकसान दिसलं नाही याची हमी चढवणाऱ्या विभागाची, आणि ती नोटॉकवर लिहिलेली असते. माहिती शक्य तितक्या लवकर मिळाली पाहिजे, आणि विमान स्वतःच्या शक्तीने हलायच्या आत तर मिळालीच पाहिजे. तोच तपशील जमिनीवरच्या ऑपरेशन्सकडेही जातो, आणि वाचता येईल अशी एक प्रत उड्डाण संपेपर्यंत खाली राहते.

पण ‘माहिती मिळाली’ म्हणणाऱ्याने माहिती वाचलेली असावी, ही अपेक्षा साधी आहे. सही करताना कॅप्टन एकटा वाचतो आणि कागद क्लिपबोर्डला लावतो, ही सवय मला चुकीची वाटते. नोटॉक दोघांनी वाचावा: एकाने ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने होल्ड आणि वजन लोडशीटशी (विमानात काय, किती वजनाचं चढलं याचा कागद) जुळवायचं. चार ओळींच्या नोटॉकला याला एक मिनिट पुरतं.

जमिनीवरचं दुमत

आता तोच पेंट घेऊ, पण प्रमाण बदलून. ओळ म्हणते: यूएन १२६३, पॅकिंग ग्रुप दोन, २ पेट्या, प्रत्येकी २० लिटर.

को-पायलट म्हणतो, प्रवासी विमानात पेंटला पेटीमागे ५ लिटरची मर्यादा आहे, हा माल इथे नको. कॅप्टन म्हणतो, ६० लिटरपर्यंत चालतं, कित्येकदा नेलंय. दोघांनाही आपलं खरं वाटतं, आणि गंमत अशी की दोघांची आठवण बरोबर आहे, फक्त तक्त्यातल्या वेगवेगळ्या ओळींची आहे. पॅकिंग ग्रुप दोनच्या पेंटला प्रवासी विमानात ५ लिटर, पॅकिंग इन्स्ट्रक्शन ३५३. ग्रुप तीनच्या पेंटला ६० लिटर, इन्स्ट्रक्शन ३५५. ग्रुप दोनची ६० लिटरची पेटीही असते, पण ती इन्स्ट्रक्शन ३६४ खाली फक्त मालवाहू विमानातून जाते.

म्हणजे वाद ‘चालतं की नाही’ हा नाहीच. प्रश्न एवढाच आहे: हा पेंट ग्रुप दोनचा की तीनचा? याचं उत्तर कॉकपिटमध्ये कुणाच्याच डोक्यात नाही. ते शिपरच्या घोषणापत्रावर आणि पेटीवर आहे. घोषणापत्राची प्रत मागवायची. ग्रुप तीन आणि इन्स्ट्रक्शन ३५५ असेल, तर नोटॉक टाइप करताना चूक झाली आहे, नवा नोटॉक मागवायचा. ग्रुप दोन आणि ३६४ असेल, तर पेटीवर ‘फक्त मालवाहू विमान’ असं केशरी लेबल असणार, आणि ती पेटी चुकीच्या विमानात चढली आहे. ती उतरवायची. आणि ग्रुप दोन, २० लिटर, पण इन्स्ट्रक्शन ३५३ लिहिलेलं असेल, तर शिपरनेच चूक केली आहे आणि ती स्वीकारण्याच्या खिडकीवर निसटली. तरीही उतरवायचीच, पण कळवायचं वेगळ्या लोकांना.

पेनाने दोनचा तीन करून सही करणं हा यातला सगळ्यात वाईट मार्ग. खाली ऑपरेशन्सकडे जुनीच प्रत राहते, आणि काही झालं तर अग्निशमन दलाला वेगळीच माहिती मिळते.

दुमत मांडताना तीन गोष्टी याच क्रमाने बोलाव्यात: काय दिसतंय, त्यात काय खटकतंय, काय करूया. ‘कॅप्टन, ओळ तीनमध्ये ग्रुप दोन आणि वीस लिटर लिहिलंय. माझ्या माहितीप्रमाणे प्रवासी विमानात ग्रुप दोनला पाच लिटर आहे. घोषणापत्र मागवून बघूया का?’ यात कुणाच्या अनुभवावर बोट नाही, आणि ‘हो’ म्हणायला सोपा असा एक प्रस्ताव आहे. नुसतं ‘हे बरोबर वाटतंय का?’ असं विचारलं तर समोरचा ‘वाटतंय’ म्हणून मोकळा होतो. प्रतिसाद मिळाला नाही तर पायरी चढायची: प्रश्न, मग स्पष्ट इशारा, मग ‘हे मिटल्याशिवाय मी तयार नाही’. कॉकपिटच्या प्रशिक्षणात हे चढते टप्पे शिकवतात, कारण कॅप्टनला बरं वाटेल अशा मऊ शब्दांत दिलेला इशारा ऐकूच जात नाही, हे अपघातांच्या चौकशांतून पुन्हा पुन्हा दिसलंय.

कॅप्टनच्या बाजूने पाहिलं तर अंतिम अधिकार त्याचाच, हे शिकागो कराराच्या परिशिष्ट २ मध्ये लिहिलेलं आहे. पण अधिकार अंतिम असला तरी तो आधी वापरायची घाई नसावी. चांगला कॅप्टन को-पायलटची शंका ऐकून ‘चल, बघूया’ म्हणतो आणि डिस्पॅच किंवा कार्गोच्या डीजी जाणकाराला फोन लावतो. दोघांपैकी एकाला शंका आहे तोवर जास्त सावध पर्याय लागू, आणि शंका फिटली ती कागदाने, आवाजाने नव्हे, असा नियम दोघांनी आधीच मानलेला असेल तर मान-अपमान मध्ये येत नाही.

उलटा प्रकारही घडतो. माल पूर्ण नियमात आहे, पण कॅप्टन किंवा को-पायलट म्हणतो, ‘मला किरणोत्सारी नको.’ ही भीती समजण्यासारखी आहे, तिच्यावर हसू नये. पण रुग्णालयात जाणाऱ्या मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य सुमारे ६६ तास आहे. एक दिवस उशीर झाला तर त्यातला जवळजवळ चौथा भाग वाटेतच संपतो, आणि पलीकडे कुणाची तरी तपासणी पुढे ढकलली जाते. तेव्हा नकार द्यायचा असेल तर त्याला कारण हवं: इंडेक्स जास्त आहे, अंतर कमी आहे, पेटी चेपली आहे. कारण न सांगता उतरवलेली पेटी पुढच्या विमानात चढते. तिच्यात खरंच दोष असेल तर तो दुसऱ्या कॅप्टनच्या वाट्याला जातो, आणि दोष नसेल तर औषध उगाच वाया जातं.

एक इशारा आठवणीबद्दल. देशांचे आणि कंपन्यांचे स्वतंत्र जादा नियम असतात, पुस्तकात त्यांची वेगळी यादी असते. आधीच्या कंपनीत न चालणारा माल इथे चालत असेल, किंवा उलटही. नियमही बदलतात: नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या, म्हणजे यूएन ३४८०, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. उपकरणासोबत किंवा उपकरणात असलेल्या, म्हणजे यूएन ३४८१, पेटीमागे ५ किलोपर्यंत नेता येतात. त्यामुळे प्रवासी विमानाच्या नोटॉकवर ३४८० दिसलं की थांबायचंच. एक तर टाइप चुकलंय, किंवा माल चुकलाय. ‘शेवटच्या आकड्याची चूक असेल’ असं गृहीत धरून निघणं म्हणजे दोन शक्यतांपैकी सोयीची निवडणं.

कागदच नसलेला माल

सर्वांत धोकादायक असतो तो जाहीर न केलेला माल. तो नोटॉकवर येतच नाही.

११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेलं व्हॅल्यूजेट ५९२ हे डीसी-९ विमान काही मिनिटांतच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० जण गेले. पुढच्या होल्डमध्ये मुदत संपलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते. त्यांच्यातल्या छोट्या स्फोटक टोपीवर आघात झाला की ते सुरू होतात आणि सुरू झाले की प्रचंड तापतात. त्यांच्यावर सुरक्षेची टोपणं बसवलेली नव्हती, पेट्यांवर धोक्याचं लेबल नव्हतं, आणि सोबतच्या कागदावर ते ‘रिकामे’ म्हणून लिहिलेले होते. त्या कंपनीला असा माल न्यायची परवानगीही नव्हती. चौकशीत असं पुढे आलं की रॅम्पवरच्या, म्हणजे विमानात माल चढवणाऱ्या, कर्मचाऱ्याने तो कागद फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे को-पायलटला, दाखवला होता. त्यावर ‘ऑक्सी कॅनिस्टर्स’ असे शब्द होते, पण त्या शब्दांवर बोलणं झालं नाही. त्या होल्डमध्ये धूर ओळखणारी किंवा आग विझवणारी यंत्रणा नव्हती. आत प्राणवायू संपला की आग आपोआप विझेल, असं त्या रचनेचं गृहीतक होतं. जनरेटरनी नेमका प्राणवायूच पुरवला.

यातून वाचायची सवय बदलते. कंपनीचा स्वतःचा माल, सुटे भाग, ‘रिकामं’, ‘नमुना’, ‘घरगुती सामान’, ‘केमिकल किट’ असे शब्द लोडशीटवर किंवा पावतीवर दिसले की एक प्रश्न विचारायचा: आत नेमकं काय आहे? वापरलेला, अर्धा भरलेला किंवा वाफ राहिलेला डबा रिकामा नसतो. आणि पेटी स्वतः उघडायची नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

हवेतलं दुमत

३ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचं १३२ क्रमांकाचं विमान डॅलस-फोर्ट वर्थहून नॅशव्हिलला उतरत होतं. होल्डमध्ये फायबरच्या एका ड्रममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण आणि सोडियम ऑर्थोसिलिकेटचं मिश्रण होतं. धोकादायक माल म्हणून ते जाहीर केलेलं नव्हतं, पॅकिंगही चुकीचं होतं. पेरॉक्साइड गळलं, मिश्रणाशी क्रिया झाली, आग धुमसू लागली. केबिन क्रूने आणि प्रवासी म्हणून बसलेल्या एका फर्स्ट ऑफिसरने कॉकपिटला धुराबद्दल कळवलं. होल्डच्या वरची केबिनची जमीन गरम आणि मऊ लागत होती, तिथल्या प्रवाशांना हलवावं लागलं. कॅप्टनला मात्र ही आग आहे याबद्दलच शंका होती, कारण आधीच्या एका उड्डाणात वासाची तक्रार आली होती आणि तिचं मूळ सहायक इंजिनात सापडलं होतं. उतरण्यापूर्वी आणीबाणी जाहीर झाली नाही, अग्निशमन दलाला बोलावणं गेलं ते विमान उतरल्यावर. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

इथे कॅप्टन बेफिकीर नव्हता. त्याच्याकडे एक पटणारं स्पष्टीकरण होतं, आणि नवी माहिती त्या स्पष्टीकरणात बसवली गेली. मतभेद बऱ्याचदा भांडणासारखा दिसतच नाही, तो असा शांतपणे होतो. नोटॉक कोरा असेल तर हे स्पष्टीकरण आणखी पक्कं होतं: ‘डीजी नाहीये, मग आग कशाची?’ नोटॉक कोरा म्हणजे जाहीर केलेला धोकादायक माल नाही, एवढंच. त्याहून अधिक तो काही सांगत नाही.

१९ ऑगस्ट १९८० रोजी सौदिया या सौदी अरेबियाच्या विमान कंपनीच्या १६३ क्रमांकाच्या उड्डाणात मागच्या होल्डमधल्या धुराचा इशारा वाजला. तो खरा की खोटा हे ठरवण्यात चार मिनिटांहून अधिक वेळ गेला. विमान रियाधला परतलं, नीट उतरलंही, पण लगेच थांबून प्रवाशांना बाहेर काढलं गेलं नाही. ३०१ जण गेले. आगीचं मूळ निश्चित झालं नाही, पण कॉकपिटमधला समन्वय कोलमडला होता हे स्पष्ट झालं.

म्हणून होल्डच्या धुराच्या इशाऱ्यावर क्रम असा ठेवावा. एक जण विमान उडवतो, फक्त उडवतो. दुसरा चेकलिस्ट चालवतो आणि होल्डमधली विझवण्याची यंत्रणा सोडतो. जवळच्या विमानतळाकडे वळणं याच वेळी सुरू होतं. इशारा खरा की खोटा ही चर्चा वळल्यानंतर करता येते, आणि खोटा निघाला तर नुकसान इंधनाचं आणि वेळेचं. बहुतेक प्रवासी विमानांच्या होल्डमध्ये उड्डाणात पोचता येत नाही, त्यामुळे ‘जाऊन बघून येतो’ हा पर्याय नसतो. केबिन क्रूला मात्र दोन नेमके प्रश्न विचारता येतात: जमीन कुठे गरम लागते, आणि धूर किंवा वास कोणत्या रांगेजवळ आहे?

हॅलॉन, म्हणजे होल्डमधल्या यंत्रणेचा आग विझवणारा वायू, सोडल्यावर इशारा बंद झाला तर पुढे जायचं का, यावरही दुमत होतं. लिथियम बॅटऱ्या असतील तर उत्तर स्पष्ट आहे. हॅलॉन उघडी ज्वाला दाबतो, पण सेल एकामागून एक तापत जाण्याची आतली क्रिया तो थांबवू शकत नाही, आणि त्या सेलमधून पेटणारा वायू सुटत राहतो. इशारा बंद होणं म्हणजे आग संपणं नव्हे. नोटॉकवर १२एफझेड आहे की नाही हे दहा सेकंदांत दिसतं, आणि ‘झेड’ दिसला की पुढे जाण्याच्या बाजूने बोलायला फारसं काही उरत नाही.

परिस्थिती जरा हाताशी आली की एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला, धोकादायक मालाची माहिती द्यायची. शक्य असेल तर नाव किंवा यूएन क्रमांक, वर्ग, प्रमाण, कुठल्या होल्डमध्ये. यादी लांब असेल तर सगळी वाचत बसू नये. नोटॉकची प्रत जिथून मिळेल तो फोन क्रमांक किंवा ‘ऑपरेशन्सकडून घ्या’ एवढं सांगितलं तरी चालतं. खाली उभ्या असलेल्या अग्निशमन दलाला मुख्यतः एवढंच हवं असतं: कोणता होल्ड, त्यात काय, पाणी चालेल का. नोटॉक दोघांच्याही हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवायचा तो याच क्षणासाठी. बॅगेत टाकलेला नोटॉक नसल्यातच जमा.

उतरल्यावर

जमिनीवर मिटलेलं दुमतही लिहून कळवावं. जाहीर न केलेला किंवा चुकीचा जाहीर केलेला माल सापडला, गळती दिसली, नोटॉक आणि प्रत्यक्ष माल जुळला नाही, तर त्याचा अहवाल देणं बंधनकारक आहे, पेटी वेळेत उतरवली असली तरी. अहवालात ‘डीजीची समस्या’ असं मोघम लिहू नये. एअर वेबिल क्रमांक, यूएन क्रमांक, नोटॉकवर काय होतं आणि घोषणापत्रावर काय होतं, कोणी किती वाजता पाहिलं, पेटीचं पुढे काय केलं, हे हवं. कॉकपिटमध्ये मत वेगळं होतं तर तेही दोन वाक्यांत यावं, कोण चुकलं हे न सांगता: को-पायलटने अमुक शंका मांडली, तमुक कागद मागवला, अमुक निष्पन्न झालं. सुरक्षा विभागाला याच दोन वाक्यांतून कळतं की चूक शिपरकडे, स्वीकारण्याच्या खिडकीवर की टाइप करताना झाली. घोषणापत्र, चेकलिस्ट आणि नोटॉक यांच्या प्रती किमान तीन महिने जपून ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्या मुदतीत अहवाल गेला तर मूळ कागदाशी ताडून पाहता येतो.